पीएचपीतून हेडर पाठवताना ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ का येतं आणि ओबी_स्टार्टने ते खरंच सुटतं का?

प्रश्न थोडक्यात असा: एका पतसंस्थेसाठी पीएचपीत छोटी प्रणाली केली आहे. लॉगिन झालं की हेडर फंक्शन वापरून सभासदाला खात्याच्या पानावर पाठवायचं आहे, आणि पावती मराठी नावाने डाउनलोड करू द्यायची आहे. लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालतं. होस्टिंगवर टाकलं की ‘कॅनॉट मॉडिफाय हेडर इन्फर्मेशन, हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही सूचना येते, कधी नुसतं कोरं पान दिसतं. पहिल्या ओळीत ओबी_स्टार्ट (छापलेला मजकूर लगेच न पाठवता साठवून ठेवणारं फंक्शन) टाकल्यावर चालू झालं. हे बरोबर आहे का, आणि पावतीचं नाव का बिघडतं?

ओबी_स्टार्ट तूर्त काढून ठेवा. सूचना पुन्हा दिसू द्या, कारण दुखणं कुठे आहे ते तीच सांगणार आहे.

सर्व्हर ब्राउझरला जे उत्तर देतो त्याचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी स्थिती सांगणारी ओळ, म्हणजे २००, ३०२, ४०४ वगैरे. मग एकेका ओळीत हेडर: मजकूर कुठल्या प्रकारचा आहे, कुकी कोणती ठेवायची, साठवायचं की नाही, दुसरीकडे जायचं असेल तर कुठे. त्यानंतर एक रिकामी ओळ, आणि मग प्रत्यक्ष पान. रिकामी ओळ गेली की हेडरचा कारभार संपला. एसटीची पाटी आगारात लावायची असते. गाडी फाट्यावर पोचल्यावर ‘ही कोल्हापूरला नाही, सांगलीला जाते’ असं ठरवून उपयोग नाही, प्रवासी आधीच पाटी वाचून बसलेले असतात.

मी सुरुवात पर्लमधल्या सीजीआय स्क्रिप्टने (वेब सर्व्हरने चालवायच्या प्रोग्रॅमने) केली. तिथे हा क्रम लपलेलाच नव्हता. कंटेंट-टाइपची ओळ आपणच छापायची, रिकामी ओळ आपणच सोडायची, मग एचटीएमएल. रिकामी ओळ विसरलात तर ५०० आणि अपाचीच्या लॉगमध्ये ‘मालफॉर्म्ड हेडर फ्रॉम स्क्रिप्ट’. एकदोनदा ठेच लागली की क्रम कायमचा अंगवळणी पडायचा. पीएचपीने हे काम स्वतःकडे घेतलं. तुम्ही पहिलं अक्षर छापता तेव्हा तोवर गोळा झालेले सगळे हेडर तो पुढे पाठवतो, रिकामी ओळ सोडतो आणि मग तुमचं अक्षर पाठवतो. ही सोय आहे, पण तिच्यामुळेच नव्या माणसाला हेडर आणि मजकूर यांच्यामधली रेघ दिसत नाही. पीएचपीला त्याबद्दल दोष देऊ नका. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, हीच चूक ‘कॅनॉट सेट हेडर्स आफ्टर दे आर सेंट टू द क्लायंट’ म्हणून येते, आणि जावात उत्तर ‘कमिटेड’ झाल्यावर रीडायरेक्ट केलं, म्हणजे दुसऱ्या पानावर पाठवलं, तर एक्सेप्शन पडतं. ही मर्यादा एचटीटीपीची आहे.

आता तुमची सूचना नीट वाचा. कंसात ‘आउटपुट स्टार्टेड अॅट’ असं लिहून एका फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा दिलेला असतो. सूचनेत शेवटी आणखी एक फाइल आणि ओळ असते, ती तुमच्या हेडर फंक्शनची. बहुतेक जण ती दुसरी ओळ उघडून तासभर तिच्याकडे बघत बसतात. तिथे काही चुकलेलं नसतं. कंसातली जागा गाठा.

कंसातला आकडा १ असेल तर माझा पहिला संशय बीओएमवर (फाइलच्या सुरुवातीच्या न दिसणाऱ्या खुणेवर) जातो, विशेषतः मराठी मजकुराच्या फाइलमध्ये. देवनागरी टिकावी म्हणून आपण फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करतो, आणि काही एडिटर सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट घालतात. विंडोजचं जुनं नोटपॅड हे हमखास करायचं. २०१९च्या विंडोज १० आवृत्तीपासून बीओएमशिवाय जतन होणं हे मूळ सेटिंग झालं. पण जुन्या मशीनवर जतन झालेल्या फाइल अजून फिरतात. <?पीएचपी या खुणेच्या आधीचे ते तीन बाइट पीएचपीच्या दृष्टीने छापायचा मजकूरच. डोळ्याला पहिली ओळ स्वच्छ दिसते आणि माणूस हैराण होतो. एडिटरमध्ये ‘यूटीएफ-८, बीओएमशिवाय’ हा पर्याय निवडून फाइल पुन्हा जतन करा. खुणेच्या आधी मोकळी जागा किंवा रिकामी ओळ असली तरी हाच परिणाम होतो.

आकडा फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीचा असेल तर बंद करणाऱ्या ?> खुणेनंतर काहीतरी राहिलं आहे. तिच्या लगेच पुढची एक नवी ओळ पीएचपी गिळून टाकतो. दुसरी रिकामी ओळ किंवा एखादी मोकळी जागा मात्र बाहेर जाते. डेटाबेसची जोडणी ठेवलेली कॉन्फिगची फाइल सगळीकडून मागवली जाते, त्यामुळे तिच्या शेवटी राहिलेली एक ओळ सगळ्या प्रणालीला बाधते. ज्या फाइलमध्ये फक्त पीएचपी आहे तिथे ती बंद करणारी खूण लिहूच नका. भाषेला ती लागत नाही.

आकडा मधल्याच एखाद्या ओळीचा असेल तर तिथे मजकूर छापणारा इको असतो, चाचणीसाठी टाकून विसरलेला व्हार_डंप असतो, किंवा पीएचपीने स्वतःच छापलेली एखादी वॉर्निंग असते. हा शेवटचा प्रकार फसवा आहे. न ठरवलेलं चल वापरल्याची क्षुल्लक सूचना पडद्यावर छापली जाते, तीच मजकूर ठरते, आणि पुढचा रीडायरेक्ट अडतो. तेव्हा एकाखाली एक दोन सूचना दिसत असतील तर नेहमी वरची आधी सोडवा. खालची तिचीच सावली असते.

कोरं पान दिसतं त्याचंही कारण इथेच आहे. होस्टिंगवर चुका पडद्यावर दाखवणं सहसा बंद ठेवलेलं असतं, आणि तसंच असायला हवं. हेडर गेला नाही, सूचना दिसली नाही, पुढच्या ओळीतल्या एक्झिटने स्क्रिप्ट थांबवली: उरलं कोरं पान. एररचा लॉग उघडा, तिथे तीच ओळ फाइल आणि आकड्यासकट सापडेल. लॉग हाती नसेल तर हेडर्स_सेंट या फंक्शनला दोन चलं द्या. आउटपुट कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत सुरू झालं ते त्यांत भरून मिळतं.

मग लॅपटॉपवर हेच का चालतं? पीएचपीच्या इनी (सेटिंगच्या) फाइलमध्ये आउटपुट_बफरिंग नावाचं सेटिंग आहे. पीएचपीबरोबर येणाऱ्या नमुना इनी फाइलमध्ये ते ४०९६ आहे. इनीत काहीच लिहिलेलं नसेल तर मात्र ते शून्य, म्हणजे बंद. तुमच्या लॅपटॉपवर बहुधा नमुना फाइल लागू आहे, म्हणून पहिले ४०९६ बाइट पीएचपी हातात धरून ठेवतो, आणि तोवर तुम्ही कितीही उशिरा हेडर दिला तरी तो आधी जातो. होस्टिंगवर हा बफर, म्हणजे ही तात्पुरती साठवण, बंद आहे, तिथे पहिलाच बाइट बाहेर पडतो. चूक दोन्हीकडे सारखीच आहे, एकीकडे ती झाकली गेली आहे एवढंच.

या ४०९६ आकड्यापाशी मराठीत काम करणाऱ्याने थोडं थांबावं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘पावती’ हा शब्द म्हणजे प, काना, व, त, वेलांटी: पाच चिन्हं, पंधरा बाइट. ४०९६ बाइटांत इंग्रजीची तेवढीच अक्षरं बसतात, देवनागरीची १३६५. मी एक प्रणाली बघितली आहे जी इंग्रजीत कित्येक वर्षं बिनतक्रार चालली होती. मग मेनू, सूचना, तळटीप सगळं मराठीत आलं आणि त्याच दिवशी लॉगिन तुटलं. कोडची एकही ओळ बदललेली नव्हती. सगळे भाषांतराच्या फाइलींवर संशय घेऊन त्या पुनःपुन्हा तपासत होते. वरच्या पट्टीचं एचटीएमएल पूर्वी चार हजार बाइटांच्या आत बसायचं; मराठी झाल्यावर बफर मध्येच भरला, वाहून गेला आणि खाली असलेला रीडायरेक्ट अडकला. दोष मूळ रचनेत होता, मराठीने तो उघडा पाडला.

म्हणून ओबी_स्टार्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या कामासाठी तो वापरू नका. तो हाच बफर हाताने चालू करतो, आकाराची मर्यादा न ठेवता. सूचना जाते, पण बीओएम, विसरलेला इको आणि लपलेली वॉर्निंग जागच्या जागी राहतात. पुढे तुम्ही पावतीची पीडीएफ पाठवाल तेव्हा तेच तीन बाइट पीडीएफच्या आधी जाऊन चिकटतील, आणि त्या वेळी कुठलीही सूचना तुम्हाला वाट दाखवणार नाही. बफरिंग वाईट नाही. साचा रंगवून त्याचा मजकूर चलात घ्यायचा असेल, काम अर्ध्यावर फसल्यावर अर्धं पान टाकून चुकीचं पान दाखवायचं असेल, तर ते उत्तम साधन आहे. तेव्हा मात्र ते जाणूनबुजून, ठरावीक जागी उघडा आणि बंद करा.

खरा उपाय रचनेचा आहे. प्रत्येक पानाची फाइल दोन भागांत लिहा. वरच्या भागात फक्त काम: सेशन (लॉगिन लक्षात ठेवण्याची सोय) सुरू करणं, फॉर्म तपासणं, डेटाबेस, आणि कुठे जायचं त्याचा निर्णय. या भागात एकही अक्षर छापायचं नाही. खालच्या भागात एचटीएमएल, आणि तिथे कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. तुमच्या फाइलमध्ये हेडर.पीएचपी नावाची पानाची वरची पट्टी पहिल्या ओळीत मागवलेली असणार, आणि लॉगिनची तपासणी तिच्या खाली असणार. बहुतेक नवशिक्या प्रकल्पांत मला हेच दिसतं. तपासणी वर उचला, पट्टी खाली न्या. बहुधा अर्ध्या तासाचं काम आहे. सेशन_स्टार्टलाही हाच नियम लागू आहे, कारण सेशनची कुकी हेडरमधूनच जाते.

रीडायरेक्टबद्दल दोन गोष्टी, आणि यातली पहिली मी फार गंभीरपणे सांगतो आहे. लोकेशन हेडर दिल्यावर स्क्रिप्ट थांबत नाही. ती पुढे चालत राहते आणि खालचं सगळं पान त्याच उत्तरात पाठवते. ब्राउझर लोकेशन पाहून निघून जातो, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. पण रीडायरेक्ट न पाळणाऱ्या कुठल्याही साधनाला सगळं मिळतं. एका संस्थेच्या प्रशासकीय पानावर ‘लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानावर पाठवा’ ही ओळ व्यवस्थित होती, फक्त तिच्यामागे एक्झिट नव्हता. कर्लने (कमांड लाइनवरून पान मागवणाऱ्या साधनाने) पान मागवल्यावर लॉगिनशिवाय सगळी सभासद यादी माझ्यासमोर आली. पतसंस्थेच्या प्रणालीत याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. लोकेशन लिहिलं की पुढची ओळ एक्झिट, यात अपवाद करू नका.

दुसरी गोष्ट स्थितीच्या आकड्याची. काही सांगितलं नाही तर पीएचपी सहसा ३०२ लावतो. फॉर्म भरून झाल्यावर पाठवायचं असेल तर ३०३ स्पष्ट लिहा. त्याचा अर्थच ‘तुझं काम झालं, आता हे पान साध्या गेटने माग’ असा आहे, आणि पान ताजं केल्यावर पैसे दोनदा जमा होण्याचा धोका टळतो. हेडर फंक्शनचं तिसरं चल यासाठीच आहे. ३०१ हात राखून वापरा. ब्राउझर तो लक्षात ठेवतो, आणि चुकीचा ३०१ गेला तर तुम्ही सर्व्हरवर दुरुस्त केला तरी सभासदाचा ब्राउझर जुन्याच पत्त्यावर जात राहतो. आणि जायचा पत्ता यूआरएलमधून घेत असाल तर तो आपल्याच साइटचा आहे का ते तपासा. हेडर फंक्शन एका वेळी एकाहून जास्त हेडर जाऊ देत नाही, पीएचपी ५.१.२ पासूनच, पण तुमच्या लॉगिनच्या दुव्यावरून कुणाला परक्या साइटवर नेलं जाण्यापासून ते वाचवत नाही.

आता पावतीचं नाव. हेडरच्या ओळीत कच्ची देवनागरी घालायची नसते. तो भाग मुळात अॅस्की मजकुरासाठी आहे, आणि तीन तीन बाइटांचं काय करायचं ते प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीने ठरवतो. म्हणून ‘पावती’च्या जागी विचित्र चिन्हं किंवा नुसत्या अधोरेषा दिसतात. कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये नाव दोनदा द्यायची सोय आहे, २०११च्या आरएफसी ६२६६ या इंटरनेट मानकात ती लिहिलेली आहे. पहिलं साधं ‘फाइलनेम’, त्यात रोमन अक्षरांतलं सुरक्षित नाव. दुसरं तारांकित ‘फाइलनेम*’, त्यात आधी ‘यूटीएफ-८’, मग दोन एकेरी अवतरणं, आणि मग टक्केवारीच्या खुणांत बदललेलं मराठी नाव. हा बदल रॉ_यूआरएल_एन्कोडने करा. साधं यूआरएल_एन्कोड रिकाम्या जागेचं अधिकचिन्ह करतं, आणि ‘पावती+मार्च’ असं नाव उतरतं. लोकेशनमध्ये मराठी शब्द असलेला पत्ता द्यायचा असेल तर तोही असाच बदलून घ्या.

डाउनलोडच्याच ठिकाणी आणखी एक खड्डा आहे. कंटेंट-लेंग्थ बाइटांत मोजायची असते. मराठी मजकूर म्हणून सवयीने एमबी_स्ट्रलेन वापरलंत तर ते चिन्हं मोजेल, आणि पंधरा बाइटांच्या ‘पावती’ची लांबी पाच सांगेल. ब्राउझर पाच बाइट घेऊन थांबेल, म्हणजे एक पूर्ण चिन्ह आणि दुसऱ्याचे दोन बाइट. जेसन अर्धवट येतं आणि जावास्क्रिप्ट चूक दाखवतं, त्यामागे अनेकदा हेच असतं. इथे साधं स्ट्रलेन बरोबर, फाइलसाठी फाइलसाइझ. साध्या पानांसाठी तर ही लांबी आपण सांगूच नये. सर्व्हर पान दाबून पाठवत असेल तर आपला आकडा चुकतो, आणि न सांगितल्यास तो आपलं आपण निभावून नेतो.

उद्या सभासद यादी सीएसव्हीत द्यायची वेळ आली आणि एक्सेलमध्ये मराठी नावं बिघडली, तर वर ज्याला हाकललं तोच बीओएम उपयोगी पडेल. एक्सेल त्याच्यावरूनच सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये आहे हे ओळखतं. फरक जागेचा आहे: सगळे हेडर दिल्यानंतर, मजकुराचे पहिले तीन बाइट म्हणून तो आपण स्वतः लिहायचा.

पानांसाठी कंटेंट-टाइपमध्ये अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचं सांगा. पीएचपी ५.६ पासून ते आपोआप जातं, पण जुन्या होस्टिंगवर इनीत दुसरंच काही लिहिलेलं सापडतं. हेडरमधलं सांगणं पानातल्या मेटा टॅगपेक्षा वरचढ असतं, त्यामुळे मेटा बरोबर असूनही मराठी बिघडत असेल तर आधी हेडर बघा.

पतसंस्था आहे म्हणून साठवणुकीबद्दलही सांगतो. सभासद सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात एकाच संगणकावर आळीपाळीने बसतात. एकाने लॉगआउट केल्यावर दुसऱ्याने मागे जाण्याचं बटण दाबलं तर पहिल्याची शिल्लक दिसता कामा नये. त्यासाठी कॅश-कंट्रोलमध्ये नो-स्टोअर हवं. नो-कॅश या नावाने अनेक जण फसतात. त्याचा अर्थ ‘साठव, पण वापरण्याआधी मला विचार’ असा आहे. सेशन_स्टार्ट केल्यावर पीएचपी मूळ सेटिंगनुसार नो-स्टोअर आपोआप पाठवतो, जोडीला १९ नोव्हेंबर १९८१ ही एक्स्पायर्सची तारीखही. ती तारीख पाहून घाबरू नका, भूतकाळातली तारीख देऊन पान शिळं ठरवायची ती पद्धत आहे. मात्र डाउनलोडसाठी किंवा वेग वाढवण्यासाठी कुणी पुढे वेगळं कॅश-कंट्रोल लिहिलं तर हेडर फंक्शन जुनं पुसून नवं ठेवतं, आणि संरक्षण नकळत जातं.

हेच पुसणं कुकीच्या बाबतीत महागात पडतं. सेट-कुकी हा हेडर एका उत्तरात अनेकदा जाऊ शकतो, पण हेडर फंक्शनने तो हाताने लिहिलात तर आधीची सेशनची कुकी पुसली जाते, आणि लॉगिन झालं म्हणताना पुढच्या पानावर सभासद पुन्हा बाहेर. दुसऱ्या चलात फॉल्स देता येतं, पण त्यापेक्षा सेटकुकी फंक्शनच वापरा. ७.३ पासून त्याला पर्यायांची यादी देता येते: सिक्युअर, एचटीटीपी-ओन्ली, सेमसाइट. पतसंस्थेसाठी तिन्ही लावा.

तारखेचा हेडर हाताने लिहायचा झाला तर जीएमडेट. एचटीटीपीतली वेळ नेहमी जीएमटीत असते. आशिया/कोलकाताच्या वेळेला ‘जीएमटी’ची शेपटी जोडली की लास्ट-मॉडिफाइड साडेपाच तास भविष्यात जातो आणि ताज्या-शिळ्याचा सगळा हिशेब कोलमडतो.

तपासणी ब्राउझरच्या भरवशावर सोडू नका, तो रीडायरेक्टच्या मागे धावत निघून जातो. कर्लला उत्तराचे हेडर छापायला सांगा आणि रीडायरेक्ट पाळायला सांगू नका. नुसता उणे मोठा आय हा पर्याय हेड पद्धतीने विचारतो, त्यात पान येतच नाही. म्हणून उणे लहान आय वापरा, हेडर आणि पान दोन्ही दिसतात. लॅपटॉपवर आधी आउटपुट_बफरिंग बंद करा, म्हणजे होस्टिंगसारखीच परिस्थिती होईल, आणि मग लॉगिनचा फॉर्म कर्लने पाठवा. उत्तरात ३०३ हवा, लोकेशन हवं, सेशनची सेट-कुकी हवी, आणि रिकाम्या ओळीनंतर काहीही नको. तिथे एचटीएमएलची एक ओळ जरी दिसली तरी कुठेतरी एक्झिट राहिला आहे. तो सापडेपर्यंत हे होस्टिंगवर चढवू नका.